पुढच्या शुक्रवारी बोलू

साउथहॅम्प्टनच्या आमच्या चर्चमधला तरुणांचा क्लब माझ्या गळ्यात पडला, तो मी फार उत्साही होतो म्हणून नव्हे. आधी तो चालवणारं जोडपं नोकरीसाठी एडिनबराला गेलं. रविवारी भक्तीनंतर पाळकसाहेबांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं, आणि नेमका मी मान खाली घालायला विसरलो. इथे सगळे त्यांना नुसत्या नावानं हाक मारतात. मला ते आजतागायत जमलेलं नाही. माझ्यासाठी ते मनातल्या मनात पाळकसाहेबच. मुलांबरोबर काम करायचं म्हणून पोलिसांकडून माझी तपासणी झाली, हॉलची किल्ली मिळाली, आणि दर शुक्रवारी साडेसहा ते साडेआठ तेरा ते सतरा वयाची पोरं माझ्या ताब्यात आली. पोरं म्हणजे किती, तर सहा. त्यातली दोन माझीच.

दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. मी इथल्या मोठ्या हॉस्पिटलात एक्स-रे डिपार्टमेंटला होतो. माणसाला नीट उभं करायचं, श्वास रोखायला सांगायचं, बटण दाबायचं. कामात मी चोख. म्हटलं, क्लबही असाच चोख चालवू.

माझी एक पक्की समजूत होती. लहानपणी नगरला रविवारच्या शाळेत आम्हाला वचनं पाठ करायला लावत. एक शब्द चुकला की बाई पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायच्या, आणि बाहेर मैदानात हिंदूंची पोरं खुशाल क्रिकेट खेळत असायची. जीव नुसता विटून जायचा. माझ्या बरोबरीचे निम्मेअधिक त्या कंटाळ्यापायीच चर्चपासून तुटले, असं मी कुणालाही ठणकावून सांगत असे. तेव्हा इथल्या पोरांना कंटाळा म्हणून येऊ द्यायचा नाही. आधी येऊ देत, रुळू देत, देवाचं मग बघू.

पहिल्या शुक्रवारी मी दहा मिनिटं बोललो. घरी जाताना गाडीत मुलगा त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला, "बाबा, तुझी टॉक खूप लांब होता." मी ती पाच मिनिटांवर आणली. मग एकानं जुनं पूल टेबल दिलं, त्याच्या स्पर्धा सुरू झाल्या, पिझ्झा सुरू झाला, महिन्यातून एकदा बाहेर नेऊन बोलिंग, म्हणजे चेंडूनं लाकडी बाटल्या पाडायचा खेळ. वर्षभरात पोरं तिसाच्या वर गेली आणि माझं बोलणं पिझ्झ्याआधीच्या दोन ओळींच्या प्रार्थनेवर आलं. चर्चच्या बैठकीत माझं कौतुक झालं. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं.

बायको मात्र पहिल्यापासून टोचायची. "अहो, हा चर्चचा क्लब आहे की खानावळ?"

"तुला काय कळतं त्यातलं," मी म्हणायचो.

त्या तिसांत माझ्या मुलीच्या वर्गातली एक मैत्रीण होती. पंधरा वर्षांची, इथलीच, इंग्रज. घरात चर्चचा काही संबंध नाही. आई आणि ती, दोघीच. स्पर्धेचे गुण ती लिहायची, अक्षर सुंदर होतं. नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी मी पिझ्झ्याची खोकी दुमडत होतो, तेव्हा ती जवळ येऊन उभी राहिली.

"माझी आई हॉस्पिटलात आहे," ती म्हणाली. "आता बरी होणार नाही म्हणतात. माणूस मेल्यावर काय होतं, असं तुम्ही लोक मानता?"

तिकडे उपांत्य सामना चाललेला, दोन पोरं गुणांवरून हमरीतुमरीवर आलेली. मी म्हटलं, "फार चांगला प्रश्न आहे. असा घाईत नको. पुढच्या शुक्रवारी नीट बोलू."

ती म्हणाली, "चालेल."

पुढच्या शुक्रवारी बोलिंग होतं, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. त्याच्या पुढच्या शुक्रवारी मी खरोखरच दोन कागद लिहून खिशात ठेवले होते. पण त्या दिवशी दुसऱ्या शाळेतली आठ-दहा नवी पोरं आली. म्हटलं, पहिल्याच दिवशी मरणाच्या गोष्टी? परत एकही फिरकायचा नाही. कागद खिशातच राहिले. त्यानंतर ख्रिसमसची तयारी आली. प्रत्येक वेळी मी तिला विचारायचो, "आई कशी आहे?" ती म्हणायची, "तशीच." मग जरा वेळ उभी राहायची आणि गुण लिहायला जायची. आम्ही सगळ्यांनी सह्या करून आईला कार्ड पाठवलं. आपण बरंच काही केलं, असं मला वाटलं.

डिसेंबरात एकदा जेवताना मुलीच्या तोंडून हे सगळं निघालं. बायकोनं हातातला डाव खाली ठेवला.

"अहो, ती पोर विचारतेय काय आणि तुम्ही तिला देताय काय? स्वतःहून विचारते! आपल्याकडे पाळकाच्या मुलालाही हे सुचत नाही."

"मी तयारी करतोय."

"तयारी! तीस पिझ्झे मागवायला बरी तयारी लागत नाही!"

मी भडकलो. ताटावरून उठलो, दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. राग तिचा नव्हताच. ती म्हणाली ते मला पहिल्या शुक्रवारपासून ठाऊक होतं, म्हणून ते झोंबलं. मला भीती वाटत होती. देवाचं बोललो तर पोरं हसतील आणि येणं बंद करतील, ही.

त्या पोरीची आई ज्या वॉर्डात होती तो माझ्या डिपार्टमेंटच्या दोन मजले वर. सहा आठवडे मी तिच्या पायाखाली बसून डबा खात होतो! शेवटी मी पाळकसाहेबांना गाठलं, आणि मी भेटायला आलो तर चालेल का, असं त्यांनी फोन करून तिला विचारलं. ती म्हणाली, येऊ देत. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी तसाच युनिफॉर्मवर वर गेलो.

"अरे देवा, आता पुन्हा कसला फोटो?" मला पाहताच ती म्हणाली.

मी कोण ते सांगितलं. ती हसली. अगदी वाळून गेली होती, पण हसू थेट तिच्या मुलीसारखं. म्हणाली, "म्हणजे शुक्रवारवाले तुम्ही. बसा. दीड वर्ष येते ती तुमच्याकडे. म्हटलं, हिला ठाऊक असेल, म्हणून मीच हिला विचारलं, पुढे काय असतं म्हणतात गं तुमच्या चर्चमध्ये? तर म्हणाली, माणसं फार छान आहेत, पण तसलं काही बोलत नाहीत."

कुणी थोबाडीत दिली असती तर बरं वाटलं असतं. मी घाईघाईनं खिशातले कागद काढायला लागलो, तशी तिनं हात वर केला.

"मला नको. मला फार वेळ ऐकवत नाही. तिला सांगा. ती मला थोडं थोडं सांगेल. आणि मी गेल्यावर ते तिच्याजवळ राहील."

संध्याकाळी चार वाजता तिची मुलगी शाळेतून आली. वॉर्डाशेजारच्या बसायच्या खोलीत, दार उघडं ठेवून, बायकोला बरोबर घेऊन मी तिच्यासमोर बसलो. कागदांचा काही उपयोग झाला नाही. तोंडात येत होती ती नगरला घोकलेली वचनं, आणि तीही मराठीत. मी आधी मराठीत म्हणायचो, मग अडखळत इंग्रजी करायचो. देव मरणाच्या दारात माणसाला सोडून जात नाही, येशू मेला आणि उठला, म्हणून आपलेही उठतील, असं आम्ही मानतो. काय माहीत आहे ते सांगितलं, काय माहीत नाही तेही सांगितलं. ती हसली नाही. दोन ठिकाणी तिनं थांबवून पुन्हा सांगायला लावलं आणि गुणांच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. सगळं मिळून वीस मिनिटं लागली.

पुढे मी आणखी चार वर्षं तो क्लब चालवला. आधी वीस मिनिटं बोलणं, मग खेळ. पोरं निम्मी झाली. बैठकीत पाळकसाहेबांनी कारण विचारलं, तेव्हा मी सांगितलं की आता हे असंच राहील, पसंत नसेल तर किल्ली घ्या. त्यांनी घेतली नाही.

पण त्या आठवड्याचं राहिलं. शनिवारी तिची आई गेली. पुढच्या शुक्रवारी ती येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं, पण मी हॉल उघडायला गेलो तर ती आपल्या मावशीबरोबर पायरीवर उभी.

"मी आईला सगळं सांगितलं," ती म्हणाली. "दोन दिवस, थोडं थोडं. तिला बरं वाटलं. शेवटच्या रात्री तिनं एकच गोष्ट विचारली, तिचं उत्तर मला आलं नाही. ती म्हणाली, पुढच्या शुक्रवारी त्यांना विचार आणि मला येऊन सांग."

"काय विचारलं?"

"तिथे गेल्यावर मी तिच्या लक्षात राहीन का?"

किल्ली कुलपात तशीच होती. मी म्हटलं, "राहशील. मी तसं मानतो."

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "हे आईला सांगायचं होतं."