काखेतली नळी

हेब्बाळच्या पशुवैद्यक कॉलेजातून माझ्याकडे येणाऱ्या मुलीचा अभ्यास कोंबड्यांच्या वीर्याचा. थेंब नळीत घेतला की गार पडू नये म्हणून ती नळी काखेत दाबते आणि एका हातानेच सूक्ष्मदर्शक मांडते. माझ्या लाल कोंबड्यापासून पिल्लं होईनात, घरचं जुनं वाण बुडायला आलेलं.

"शुक्राणूंच्या शेपट्या लांब आहेत, अण्णा, पण दम नाही. स्वल्प पोहतात, मग थांबतात."

"परत बघ. शाळा कमी शिकलो, कोंबडे कमी नाही पाळले."

तिने परत थेंब घेतला. कोंबड्याने मनगट ओरबाडलं, तरी काख सैल सोडली नाही.

"तेच आहे. तुम्हाला बरं वाटावं म्हणून पोहणार नाहीत ते."

तिचं खरं, असं मी अजून म्हटलेलं नाही. पुढच्या खेपेला मात्र लाल कोंबड्याचा भाऊ मी तिला तपासायला आधीच पकडून ठेवला होता.