मास्तरांची तारीख

मास्तरांनी मंगळवारी या म्हटलं, की जुनं गिऱ्हाईक शुक्रवारी यायचं. आणि शुक्रवारीसुद्धा मास्तर गळ्यात टेप अडकवून म्हणायचे, "बसा हो, फक्त बटणं राहिलीत." नवखं गिऱ्हाईक बिचारं मंगळवारीच टपकायचं. त्याच्यासाठी मास्तरांकडे तयार माल असायचा. मशीनचा पट्टा तुटला, अस्तराचा रंग जुळेना, मेहुण्याला दवाखान्यात न्यावं लागलं. या एका मेहुण्याला मास्तरांनी तीस वर्षांत इतक्या वेळा खाटेवर झोपवलं, की खरंच तसं झालं असतं तर माणूस उरला नसता. मेहुणा ठणठणीत आहे, अजून सायकल दामटतो.

आता मास्तर खोटारडे होते का? छे हो! त्यांच्या कोटाच्या खांद्याला कुणी सुरकुती दाखवावी आणि शिलाई परत न्यावी. पण तारखेच्या बाबतीत त्यांचं म्हणणं वेगळं होतं. कापड कापताना शिवणीत दोन बोटं जागा सोडायची असते, पुढेमागे सैल करता येतं. तारखेतही तशीच जागा असते, सांगणाऱ्यानं सोडलेली आणि ऐकणाऱ्यानं धरलेली. सगळं जग असंच चालतं, असं ते अगदी मनापासून मानत.

मग लोक तयार कपडे घेऊ लागले. दुकानात यायचं ते काय, तर पँट आखूड करायला नाहीतर चेन बदलायला. दोन वर्षं मास्तरांनी कळ काढली आणि चोपन्नाव्या वर्षी दुकानाचं शटर ओढून गणवेशाच्या कारखान्यात कटर म्हणून नोकरी धरली. उभ्या आयुष्यातली पहिली नोकरी! चार ओळींत शंभरेक मशीनं, वर पंख्यांची रांग आणि मास्तरांच्या पुढ्यात वीस फुटांचं टेबल. काम पाहून मुकादम खूश झाला. मास्तरही खूश होते, पण त्यांच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं.

बायकोचे डोळे. काज करायचे, बटण लावायचं, कोटाची कड हातानं तुरपून घ्यायची, हे दुकानाचं सगळं बारीक काम तिचं. गिऱ्हाइकं तिला वहिनी म्हणत. तीस वर्षं काळ्या कापडावर काळा दोरा ओवून वहिनींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. उजवा इतका, की चहात साखर पडली का बशीत, ते बोटानं चाचपून बघायच्या. नणंदेला सोबत घेऊन त्या डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "येत्या चार तारखेला ऑपरेशन. तीनला पैसे भरायचेत." मास्तरांनी बोटांवर मोजलं. तीस तारखेला पहिला पगार. घरखर्च वजा जाता बरोबर बसत होतं.

नोकरीच्या पहिल्याच दिवशी पगाराच्या खिडकीत बसणाऱ्या मुलीनं त्यांच्या हातात चार पानी फॉर्म ठेवला. केसांत पेन्सिल खोचलेली, बोलायला फटकळ. म्हणाली, "काका, हा टॅक्सचा. वर्षभरात आधी दुकानातून किती मिळालं, घरात तुमच्यावर कोण अवलंबून आहे, विमा, बचत, औषधपाणी, सगळं लिहा. पंधरा तारखेच्या आत द्या."

"पंधराच्या आत," मास्तर मान डोलावून म्हणाले, आणि मनात म्हणाले, म्हणजे वीस.

फॉर्म त्यांनी घरी नेला आणि जिथे पूर्वी मापाच्या चिठ्ठ्या टोचायचे त्याच खिळ्याला टोचला. एकदा काढून पाहिलाही. 'करपात्र उत्पन्न', 'वजावट', 'मागील स्रोत' असे शब्द वाचून त्यांना घाम फुटला आणि फॉर्म परत खिळ्यावर गेला. वहिनी दोनदा म्हणाल्या, "अहो, त्या कागदाचं काय?" दोन्ही वेळा मास्तरांनी सांगितलं, "आहेत अजून दिवस." शेवटी सतरा-अठराला त्यांनी नेटानं बसून तो भरला, खाडाखोड न करता, आणि एकोणिसाला दुपारच्या सुट्टीत खिडकीवर नेऊन ऐटीत पुढे केला. वीसच्या आधी एक दिवस! एवढ्या वेळेवर त्यांनी आयुष्यात काही दिलं नव्हतं.

मुलीनं फॉर्म बघितला, मग त्यांच्याकडे बघितलं. "काका, पंधरा सांगितली होती ना? यादी गेली."

"गेली म्हणजे? कुठं गेली?"

"वर. पगार तयार करायला. तुमचा फॉर्म नव्हता, म्हणून तुमचा टॅक्स सगळ्यांत चढ्या दरानं कापला जाणार." मास्तरांचा चेहरा बघून ती जरा नरमली. "असं बघा. गिऱ्हाईक माप न देता कापड टाकून गेलं, तर तुम्ही काय करता?"

"मोठं कापतो. मोठं असलं तर आत घेता येतं."

"आम्हीही तेच करतो. कमी कापून वर्षअखेरीला तुमच्या मागे लागण्यापेक्षा आधीच जास्त कापायचं. आता फॉर्म आला, पुढच्या पगारापासून नीट होईल, जास्तीचं थोडं थोडं वळतं करू. आणि तरीही काही उरलं, तर वर्ष संपल्यावर रिटर्न भरून परत मागायचं. त्याची वेगळी तारीख असते. ती मात्र पाळा, मी सांगून ठेवते."

"पण दोन-चार दिवस मागंपुढं..."

"काका, ही खरीच तारीख होती."

मास्तर फॉर्म तिथेच ठेवून कामावर परतले. दुपारभर टेबलावर कात्री चालत होती आणि त्यांच्या डोळ्यांपुढे एक माणूस येत होता. बारा-तेरा वर्षांपूर्वीचा. सोमवारी त्याची नोकरीची मुलाखत होती, मास्तरांनी कोट शनिवारी देतो म्हणून सांगितलं होतं आणि तो तयार झाला मंगळवारी. तो माणूस भांडलासुद्धा नाही. पैसे मोजले, कोट हातावर टाकला आणि म्हणाला, "आता काय घाई होती!" तेव्हा मास्तरांना वाटलं होतं, चला, गिऱ्हाईक समजूतदार निघालं. आज त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी कान तापेपर्यंत. त्याचीही तारीख खरीच होती की. त्याला नोकरी मिळाली की नाही, हेही त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

तीस तारखेला पगाराची स्लिप आली. मास्तरांनी आकडा वाचला, परत वाचला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. किराणा, भाडं देऊन जे उरत होतं त्यात ऑपरेशनची निम्मी रक्कमही होत नव्हती. उसनं मागावं, तर मेहुण्याकडेच मागायला हवं, आणि त्याला कोणत्या तोंडानं मागणार?

घरी जाताना त्यांनी कारणं शोधली, खोटं कशाला बोला. कारखान्यानं पगार अडवला. बँकेत गोंधळ झाला. तयार माल भरपूर होता, पण एकही वहिनींपुढे चालणार नव्हता. कारण त्यातली निम्मी कारणं काज करता करता वहिनींनीच तर सुचवली होती!

वहिनी खिडकीपाशी बसून जुन्या डब्यातली बटणं बोटांनी चाचपून वेगळी करत होत्या. चार भोकांची इकडे, दोन भोकांची तिकडे. मास्तर चप्पल काढून थेट त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

"फॉर्म मी उशिरा दिला. पंधरा सांगितली होती, मी वीस धरली. टॅक्स जास्त कापला गेला. चारच्या ऑपरेशनला पैसे पुरत नाहीत. चूक सगळी माझी आहे."

वहिनींची बोटं थांबली. "आणि आजारी कोण पडलं?"

"कुणी नाही. तुझा भाऊ ठणठणीत आहे."

वहिनींनी बटणं बाजूला सारली. मग त्यांनी डब्याच्या तळातून घडी घातलेलं दवाखान्याचं कार्ड काढलं. "वाचा."

मास्तरांनी वाचलं. तारीख चारच होती, पण महिना पुढचा होता. अख्खा एक महिना पुढचा.

"अगं, तू तर येत्या चारला म्हणालीस!"

"म्हणाले."

"म्हणजे मला खोटं सांगितलंस?"

"जागा सोडली," वहिनी म्हणाल्या. "तीस वर्षं तुमच्या दुकानात बसलेय मी. माझ्या डोळ्यांचा प्रश्न होता."

मास्तरांना आधी इतकं हायसं वाटलं, की त्यांनी कार्ड कपाळाला लावलं. पुढच्या तीसचा पगार नीट होणार होता, वर कापलेलं थोडं परत येणार होतं. पैसे जमणार होते. मग हळूहळू दुसरं काहीतरी आत टोचायला लागलं. गिऱ्हाइकांनी धरून चालावं ते ठीक, पण घरच्या माणसानंही आपल्याला तीन दिवस नव्हे, चांगले तीस दिवस जास्तीचे धरून मोजलं! रागवावं तर कोणावर? त्यांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही. तसंही वहिनींना नीट दिसत नव्हतं, पण त्यांनी हात पुढे करून मास्तरांचा गाल चाचपला आणि म्हणाल्या, "पुरे आता. चहा टाका, साखर तुम्हीच घाला."

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन चार तारखेलाच झालं. पैसे मास्तरांनी तीनला भरायचे ते दोनलाच भरले.

वर्ष संपलं तेव्हा खिडकीतल्या मुलीनं रिटर्नची तारीख सांगितली. त्या रविवारी मास्तरांनी स्लिपा, विम्याची पावती, दवाखान्याची बिलं असं सगळं पलंगावर मांडलं आणि एकेक रकाना बोटाखाली धरून भरला. अडलं तिथे सोमवारी जाऊन मुलीला विचारलं, एकदा नव्हे, चारदा. ती वैतागली. "काका, अजून नऊ दिवस आहेत हो!"

"असू देत," मास्तर म्हणाले.

शिक्का मारलेली पोच त्यांनी घरी आणली आणि वहिनींपुढे धरली. वहिनींनी ती खिडकीपाशी नेली नाही, डोळे बारीक केले नाहीत. बसल्या जागी शिक्क्यातली तारीख मोठ्यानं वाचली आणि शेजारच्या कॅलेंडरवर शेवटची तारीख पाहिली. मधले दिवस मोजले. पावती बटणांच्या डब्यात ठेवली.

मग सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या, "डाव्या डोळ्यासाठी सव्वीसला बोलावलंय."

मास्तरांनी मान वर केली. "सव्वीस?"

"सव्वीस," वहिनी म्हणाल्या. "खरी."