‘च्या’वरची रेघ

माझी मावशी थडग्यांच्या दगडांवर अक्षरं कोरायची, आणि तिच्या पायाला भिंगरी होती. चार अक्षरं कोरायची, उठायची, छिन्नीला धार लावायची, फाटकापर्यंत जाऊन यायची, पुन्हा चार अक्षरं. मी तिच्या शेडमध्ये शिकायला गेले तेव्हा पहिल्याच दिवशी तिनं बजावलं, "आधी अक्षरं, रेघ सगळ्यात शेवटी. डोक्यावर रेघ पडेपर्यंत अक्षर म्हणजे नुसती खाच. रेघ पडली की शब्द झाला. मग कुणाच्या बापाला खोडता येत नाही."

तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, पंप दुरुस्त करायचे. कुठलीही वस्तू उघडून बघायची त्यांना खोड. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी धर्मही उघडून बघितला. दोघांचं लग्न ज्या चर्चमध्ये झालं तिथली शिकवण अशी की येशू हा देवच. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव. काकांना ते पटेना. "येशू स्वतः प्रार्थना करायचा ना? मग कुणाची करायचा? स्वतःचीच?" असं विचारून विचारून त्यांनी पाळकांना भंडावून सोडलं, आणि शेवटी एका शिंप्याच्या दुकानावर, माडीवर जमणाऱ्या दहाबारा जणांत जाऊन बसायला लागले. त्या लोकांच्या मते येशू देवाचा पुत्र, देवानं पाठवलेला, सगळ्यांहून थोर. पण देव नव्हे.

घरात जेवणाआधीची प्रार्थना मात्र दोघं एकत्र म्हणत. मावशी म्हणे, "येशू देवा, सांभाळ." काका म्हणत, "येशूच्या देवा, सांभाळ." त्या ‘च्या’पाशी दोघांचे आवाज एकमेकांच्या पायात पाय घालून अडखळत. मला हसू यायचं, मावशीला नाही. "दीड अक्षरापायी हा माणूस स्वर्गाला मुकणार," असं ती मला सांगायची. चिडून नव्हे, घाबरून. काका जेवून कामावर जात आणि ती घासलेली भांडी पुन्हा घासायला घेई.

मग काकांनी अंथरूण धरलं. जायच्या आठवडाभर आधी ते तिला म्हणाले, "माझ्या दगडावर माझी प्रार्थना कोर हं. माझी. तुझी नाही."

मावशी "बरं" म्हणाली. ते ‘बरं’ तिला फार महागात पडलं.

वर्षभर तो काळा दगड शेडमध्ये कोराच उभा. "कोरलं तर ह्यांच्याविरुद्ध मीच साक्ष लिहून दिली. नाही कोरलं तर दिलेला शब्द मोडला," असं म्हणत ती त्याच्याभोवती फेऱ्या मारायची. पाळक येऊन म्हणाले, "‘च्या’ गाळून टाका, बाई. त्यांच्या आत्म्यासाठीच सांगतोय." शिंपी येऊन म्हणाला, "‘च्या’ जरा ठळकच काढा." तिनं दोघांना चहा पाजला आणि वाटेला लावलं.

एके दिवशी सकाळी ती दगडापुढे बसली आणि दुपारपर्यंत उठलीच नाही. असं कधीच झालं नव्हतं. मी जाऊन बघते तर ‘येशू’वर रेघ होती, ‘देवा’वर होती, ‘सांभाळ’वरही होती. मधला ‘च्या’ तेवढा बोडका.

"अगं, विसरलीस की काय?"

"गप बस."

दगड कबरीवर उभा राहिला. पाळक म्हणाले, "ही काय पद्धत झाली?" शिंपी म्हणाला, "बोटभर रेघ मारायला हात दुखत होता का?" मावशी मला म्हणाली, "दोघांनाही मिरच्या झोंबल्या. म्हणजे काम ठीक झालंय." पण ती कुठली स्वस्थ बसायला! दर रविवारी पिशवीत छिन्नी घालून कबरस्तानात जायची आणि तशीच परत आणायची. सात वर्षं. मला तिचा राग यायचा. एक घाव दोन तुकडे करून टाकावेत ना माणसानं!

हॉस्पिटलमध्ये तिचे पाय थांबले, तर बोटं चादरीवर चालायला लागली. म्हणाली, "मी गेले की ती रेघ मारून टाक."

माझं डोकंच फिरलं. "सात वर्षं जिवाला घोर लावून घेतलास, आणि आता पटलं होय त्यांचं?"

"छे! ते चुकलेच. येशू देवच आहे."

"मग?"

"रेघ पडली की वाक्य पुरं होणार. मग ह्यांना तिकडे विचारणार, हे तुम्ही म्हणालात का? आणि हे पडले एकटे. धड बोलता तरी येतं का ह्यांना? पंप उघडून दाखवत बसतील. मी पोचले की मग काय ते विचारू देत." तिनं श्वास घेतला. "दाराशी भांडायला मी असेन."

काकांच्या शेजारी तिला ठेवलं. तिच्या दगडावर मी ‘येशू देवा, सांभाळ’ कोरणार आहे, तिला हवं होतं तसंच.

काळ्या दगडावरची ती रेघ मारायला पाच मिनिटंही लागली नाहीत. मारली आणि मला तिथं बसवेना. फाटकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. तिला पुरल्यानंतर रेघ मारायला मी तीन दिवस थांबले होते. चालायची सवय होती तिला. तेवढ्यात पोचली असेल ना?