काउंटरवरची कुजबुज

लायब्ररीवाल्या बाईंचा आवाज आयुष्यभर हळू बोलून बोलून इतका बारीक झाला होता, की घरी त्यांनी गॅस बंद करायला सांगितलं तरी नवरा विचारी, "काय गुपित आहे?" पण वाचकांचा या आवाजावर जीव होता. पुस्तक मूळव्याधीवरचं असो की प्रेमपत्रं कशी लिहावीत यावरचं, बाई ते जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून मुकाट्याने हातात ठेवत. कोण काय वाचतं हे त्यांच्या तोंडून भिंतीलाही कळलं नव्हतं.

मग कमिटीने फर्मान काढलं: लायब्ररीचा ब्लॉग हवा, सोशल मीडियावर पान हवं. बाई फोनवर लेकीचा ओरडा खात खात शिकल्या. नव्या पुस्तकांचा फोटो पानावर चढला, त्या दुपारी त्यांनी स्वतःलाच चहा पाजला.

फोटोखाली वाचकांची रीघ लागली. समोरच्या औषधाच्या दुकानाचा मालक सवयीप्रमाणे पहिला: 'छान उपक्रम!' बऱ्याच खाली त्याची बायको: 'माझं आलं का?'

आलं होतं. घटस्फोटाचा कायदा सोपा करून सांगणारं पुस्तक. नवऱ्याच्या दुकानाकडे पाठ करून, काउंटरवर वाकून तिने ते मागवलं होतं. "यांना कळलं तर माझं काही खरं नाही," एवढंच म्हणाली होती.

बाईंनी तिच्या नावाखाली उत्तराची चौकट उघडली. नाव तिचं, चौकट तिच्या नावाखाली. म्हणजे तिच्या कानाशी तोंड नेल्यासारखंच की! त्यांनी लिहिलं, 'तुमचं घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक आलंय. कुणाला बोलले नाही. गुंडाळून ठेवलंय.'

लगेच खाली कुणीतरी डोळे विस्फारलेला चेहरा चिकटवला. बाईंनी लेकीला फोन लावला.

"आई, हे सगळ्यांना दिसतं!"

"सगळ्यांना म्हणजे?"

"सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना! आधी ते उडव."

"उडवलं गं."

"आता कुणी वाचलं नसलं म्हणजे मिळवली. नाहीतर फोटो काढून पुढे धाडायला लोकांना कितीसा वेळ लागतो?"

बाईंनी फोन ठेवला. खिडकीतून समोरचं दुकान दिसत होतं. औषधवाल्याचा फोन गल्ल्याशेजारी पालथा पडला होता. गिऱ्हाइकांची गर्दी होती म्हणून तो तसाच होता. गर्दी ओसरली की उचलणार.

एक म्हातारे गृहस्थ गोळ्या घेऊन निघाले. मागे तिघेच उरले.

पुस्तक दिसेनासं करायचं तर ते कपाटाबाहेर ठेवून भागत नाही, तशाच पुस्तकांच्या गर्दीत खोचावं लागतं, हे बाईंना चांगलं ठाऊक होतं. त्या खुर्चीत बसल्या आणि तेच उत्तर सगळ्यांच्या नावांखाली टाकत सुटल्या. निवृत्त हेडमास्तरांखाली, नव्या लग्नाच्या जोडप्याखाली, कमिटीच्या अध्यक्षांखाली, औषधवाल्याच्या बायकोखाली पुन्हा एकदा आणि खुद्द औषधवाल्याखालीसुद्धा. 'तुमचं घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक आलंय.'

मान वर केली, तर औषधवाला फोन हातात घेऊन रस्ता ओलांडत होता.

"बाई! हा काय प्रकार आहे?"

"कुठला?"

"मी कधी मागवलं हे पुस्तक? म्हणे माझ्या बायकोनेही मागवलंय! म्हणे अध्यक्षांनीही! अहो, अध्यक्षांचं तर लग्नच झालेलं नाही!"

वाचनकक्षात माना वर झाल्या.

"चुकलं माझं. एकच उत्तर सगळ्यांना गेलं."

"झेपत नसेल तर सोडून द्या ना! या वयात कशाला नसते उद्योग?"

आजवर त्यांच्या हातून एक पुस्तक चुकीच्या खणात गेलं नव्हतं. ओठावर आलेलं उत्तर बाईंनी गिळलं आणि आयुष्यात पहिल्यांदा वाचनकक्षात मोठ्याने बोलल्या, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं.

"मला यातलं काही कळत नाही हो!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. औषधवाला समाधानाने परत गेला.

दुसऱ्याच दिवशी कमिटीने पान बाईंकडून काढून घेतलं. संध्याकाळी औषधवाल्याची बायको आली, पुन्हा दुकानाकडे पाठ करून उभी राहिली.

"बाई, माझ्यामुळे सगळे तुम्हाला हसतात."

"हसू देत." बाईंनी गुंडाळलेलं पुस्तक तिच्या पिशवीत सरकवलं.

"परत कधी आणू?"

"सावकाश आणा. मागणी एवढी दिसली, पण आता जो तो नको म्हणतोय."

ती हसली, आणि तेवढ्यात समोर औषधवाल्याने मान वर केली. बाई काउंटरमागून बाहेर आल्या आणि खिडकी झाकली जाईल अशा तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या.