ज-२ ची नववी ओळ

दारव्ह्यात त्या वर्षांत आमच्या रेकॉर्डवाल्या काकांइतका निरुपयोगी दिसणारा माणूस दुसरा नव्हता, आणि त्यांच्याइतका उपयोगी पडलेला माणूसही दुसरा नव्हता, हे मी कुठल्याही चौकात उभी राहून सांगायला तयार आहे. ते मोर्चात कधी आले नाहीत. घोषणा कधी दिली नाही. मी छापून आणलेलं पत्रक मात्र ते पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचे, चष्मा काढायचे आणि म्हणायचे, "राग मस्त आहे. बातमी कुठं आहे?" मग त्याच पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर किराण्याची यादी लिहायला घ्यायचे. मला तेव्हा वाटायचं, अशा माणसांमुळेच या जिल्ह्याचं काही होत नाही.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे मित्र. तालुक्याच्या कचेरीत, रेकॉर्ड रूममध्ये तीस वर्षं काढलेले. लाल कापडात बांधलेले कागदांचे बस्ते, त्यांच्यावरची धूळ आणि त्यांच्या गाठी, एवढाच त्यांचा संसार. नुसती गाठ बघून ते गाव सांगायचे. आर्णीकडच्या बस्त्याला दुहेरी गाठ, नदीकाठच्या गावांची गाठ डाव्या अंगाला, वादातल्या जमिनीच्या बस्त्याला गाठीखाली दोऱ्याचा एक वेढा जास्त. ही पद्धत कुठल्याही सरकारी नियमात नव्हती, काकांच्या डोक्यात होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती घरी आणली. स्वयंपाकघरातल्या डब्यांना वेगवेगळ्या रंगांचे दोरे बांधले. काकू सांगायच्या, "हळदीच्या डब्यात साबुदाना भेटला तं समजाचं, ह्यायची खूण बदलली. आमाले सांगाची काय गरज, आमी तं इथल्या शिपाई." दारावरची थापसुद्धा काका ओळखायचे. दोनदा वाजवून थांबणारा पोस्टमन. एकदाच, घाबरत वाजवणारा सातबाऱ्याच्या नकलेसाठी आलेला शेतकरी, कारण कचेरी सुटली तरी लोक काकांकडे यायचे. "अन् तीनदा वाजवून आपल्याच हातानं दार ढकलते," ते माझ्याकडे बघून म्हणायचे, "ते आंदोलन."

पुतण्यानं त्यांना एक जुना कॉम्प्युटर आणून दिला, आणि तिथून खरी गंमत सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात काकांनी माऊस काढला, फडक्यात गुंडाळला, त्याला गाठ मारली आणि फळीवर ठेवला. हात किबोर्डवरून उचलणं त्यांना कामचुकारपणा वाटायचा. आम्हा पोरांसारखे चित्रांचे, रंगांचे प्रोग्रॅम त्यांनी वापरले नाहीत. त्यांनी निवडला एक साधा एडिटर, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, बस्स. त्यात अक्षर ठळक होत नाही, मोठं होत नाही. मी मथळ्यांवर जगणारी मुलगी. मी म्हटलं, काका, यात राग कसा दाखवायचा? ते म्हणाले, "शब्दानं दाखव ना. कायले अक्षराले सूज आणतं?"

त्या एडिटरमध्ये एक सोय होती. मजकुरात दुसऱ्या फाईलचं नाव लिहिलेलं असलं, तर त्यावर कर्सर नेऊन एक बटण दाबलं की ती फाईल उघडायची. काकांना एवढ्यानं समाधान नव्हतं. नाव दिसलं की उघड, हे कोणताही नवा कारकून करतो. त्यांना हवा होता त्यांच्यासारखा कारकून, जो खूण बघून ठरवेल की काय उघडायचं, कुठं उघडायचं आणि कशात उघडायचं. महिनाभर ते इंग्रजी पुस्तकाच्या झेरॉक्सवर वाकून बसले. तारे, चौकटी, कंस, ठिपके यांचा एक पॅटर्न लिहायचे, पुसायचे, पुन्हा लिहायचे. मला समजावताना मात्र सरळ मराठीत सांगायचे: आधी 'ज' असलं पाहिजे, मग छोटी रेघ, मग कितीही आकडे, म्हणजे तो जबाब. त्यापुढे दोन टिंबं आणि आणखी आकडे असले, तर जबाब उघडून थेट त्या आकड्याची ओळ दाखव. 'ज'च्या जागी 'प' असेल, तर पंचनाम्याचा फोटो, तो फोटोच्या प्रोग्रॅममध्ये उघड.

पहिल्या दिवशी पॅटर्न फारच ढिला झाला. 'ज' असलाच पाहिजे, हे सांगायचं राहून गेलं, त्यामुळे कुठलाही आकडा दिसला की एडिटर जबाब उघडायचा. काकूंच्या यादीतल्या 'तूरडाळ २'वर चुकून बटण दाबलं गेलं आणि पडद्यावर आर्णीकडच्या सुमनबाईंचा जबाब आला. काकू मागे उभ्या होत्या. त्या पूर्ण वाचून म्हणाल्या, "डाळ ऱ्हाऊ द्या. ह्या बाईचं काय झालं ते सांगा." दुसऱ्या दिवशी काकांनी पॅटर्न इतका आवळला की काहीच उघडेना. तिसऱ्या दिवशी जमलं. आणि कशातच न बसणाऱ्या किंवा फाईलच नसलेल्या नावासाठी एडिटर जो इंग्रजी निरोप द्यायचा, तो काढून काकांनी आपला घातला: 'हे मले माहीत नाही. विचारून ये.'

आता तो जबाब कसला, ते सांगते. कापसाची ती वाईट वर्षं होती. बियाण्याच्या पिशवीवर टपोऱ्या बोंडांचं चित्र, आणि शेतात कमरेइतकी पऱ्हाटी नुसती उभी, बोंड नाही. आम्ही चार-पाच जण गावोगाव फिरून तक्रारी गोळा करत होतो. एक्केचाळीस झाल्या. तक्रारअर्ज मी लिहायचे, आणि लोकांनी जे सांगितलं ते माझ्या वहीतून काका एडिटरमध्ये उतरवायचे. तिथं आमची भांडणं व्हायची.

"हे बाई असं म्हणाली? 'नफेखोरांच्या विळख्यात माझ्या घामाची राख झाली'?"

"म्हणजे, तिला तेच म्हणायचं होतं."

"म्हनाचं राह्यलं. म्हनली काय?"

काका वही मिटून माझ्याकडे सरकवायचे. "विचारून ये."

आर्णीकडची जीप भरेपर्यंत तास जायचा, आणि मी रस्ताभर काकांना मनातल्या मनात सरकारचे दलाल ठरवायचे. सुमनबाई हसल्या होत्या मला परत आलेली बघून. "काहून वं, काई भुलली काय?" मग त्यांनी सांगितलं, "कशी सांगू. पऱ्हाटी उभी होती जशी रुसली पाहुनी. जेवाले बसत नाई अन् घरी बी जात नाई." मी ते तसंच उतरवून आणलं. काकांनी टाईप केलं, दोनदा वाचलं आणि म्हणाले, "ही ओळ मोठी आहे." ती ज-२ ची नववी ओळ. माझ्या अर्जातल्या प्रत्येक वाक्यापुढे, ते कुठून आलं त्याची अशी खूण टाकायची सक्ती काकांनी केली. वाक्य माझंच ठेवलं, घामाची राख वगैरे. त्यावर ते हट्ट करत नसत.

सुनावणी तालुक्याच्या कचेरीतच झाली. बाहेरच्या जिल्ह्यातून आलेले अधिकारी होते, सावकाश बोलणारे. त्यांनी माझे अर्ज टेबलावर पत्त्यांसारखे पसरले. मग एक वाचला, दुसरा वाचला, पाचवा वाचला. "एक्केचाळीस माणसांनी घामाच्या राखेचं एकच वाक्य म्हटलं? सगळ्यांनी एकत्र बसून?" मागे सुमनबाई आणि आणखी वीसेक जण दाटीवाटीनं बसले होते. मी भाषण सुरू केलं. साहेबांनी ते ऐकून घेतलं, हे माझ्या पत्रकात मी लिहिलं नव्हतं, आज लिहिते. मग ते म्हणाले, "ताई, हे अर्ज एकाच व्यक्तीनं रचलेले दिसतात. मी जेवणानंतर सगळे निकाली काढतो." निकाली काढतो म्हणजे फाईल बंद. शेतं बघायला कुणी येणार नाही, आणि पऱ्हाटी तर पंधरा दिवसांत उपटली जाणार. मग बघायलाही काही उरणार नव्हतं. ते माझ्या वाक्यामुळे.

काकांना फोन कुणी केला, मला अजून माहीत नाही. ते ऑटोतून आले. मांडीवर मॉनिटर, पायाशी कॉम्प्युटर, दोन्ही लाल कापडात बांधलेले, वर गाठी. शिपाई त्यांना बघून उभा राहिला. भारनियमनाचे दिवस होते. काकांनी नमस्कार केला आणि विचारलं, "लाइन किती वाजता जाते?"

"दोन वाजता, सर."

"मंग अर्धा तास आहे. बोर्ड दे."

जोडाजोडीतच दहा मिनिटं गेली. साहेब जेवून परतले होते, हातात सुमनबाईंचा अर्ज होता. "हे ज-२ वगैरे काय आहे? छपाईची चूक?"

"दाखवतो," काका म्हणाले. घामाच्या राखेच्या वाक्यापुढे ज-२:९ होतं, तिथं कर्सर नेला, बटण दाबलं. पडद्यावर रुसलेली पाहुणी आली. साहेबांनी ती ओळ वाचली, मग मागे वळून विचारलं, "सुमनबाई कोण?" त्या उभ्या राहिल्या. "मीच म्हनली होती सायेब. पिशवी बी आनली हाय, लेबलासकट."

मग साहेब स्वतः आकडे सांगू लागले. सतरा. काकांनी उघडला. एका म्हाताऱ्यानं सांगितलं होतं, बैलसुद्धा त्या तासात, पऱ्हाटीच्या ओळीत, चरायला तोंड घालत नाही. एकोणतीस. एका बाईनं शेजारच्या शेताशी ओळीओळीनं तुलना केली होती. कुणाच्याही तोंडात माझं वाक्य नव्हतं. प्रत्येक जण आपल्यासारखा बोलला होता, आणि मी त्या सगळ्यांना एकाच गणवेशात उभं केलं होतं. खोलीत लोक आपापली ओळ पडद्यावर आली की हळूच एकमेकांना कोपर मारत होते.

"तेवीस," साहेब म्हणाले.

काकांनी बटण दाबलं. पडद्यावर आलं: 'हे मले माहीत नाही. विचारून ये.'

साहेबांनी ते मोठ्यानं वाचलं. तेविसाव्या माणसाला मी भेटलेच नव्हते. त्याचा अंगठा कुणीतरी आणून दिला होता, गाव तेच, बियाणं तेच, म्हणून मी त्याची कथाही लिहून टाकली होती. काका शांतपणे म्हणाले, "साहेब, हे एक आमचं कच्चं आहे. बाजूला काढा." साहेबांनी अर्ज उचलला, माझ्याकडे बघितलं, आणि तो एकटा वेगळा ठेवला. बाकीच्या चाळीस अर्जांच्या गठ्ठ्यावर लिहिलं, शेतावर जाऊन पाहणी करावी. दोनला पाच कमी होते. त्यांची सही झाली आणि लाइन गेली.

परतताना ऑटोत मॉनिटर माझ्या मांडीवर होता. मी विचारलं, "तेवीसचा जबाब नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"टाईप कोण करते?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो." मग म्हणाले, "ते एक नाही उघडलं म्हणून त्यायनं बाकीच्यावर भरोसा ठेवला, समजलं काय?"

दुसऱ्या दिवशी मी तेविसाव्या माणसाकडे गेले. त्यानं चहा पाजला आणि सांगितलं की त्याचं बियाणं चांगलं निघालं, बोंडं भरपूर आहेत. सगळे अंगठा देत होते, म्हणून त्यानंही दिला. हे काकांना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की काकू पाणी घेऊन आल्या.

शेतं बघायला लोक आले, पऱ्हाटी उभी असतानाच आले. पुढचं सगळं लांबलं, त्याचा राग मी इतरत्र पुष्कळ लिहिला आहे, आणि खुणा टाकून लिहिला आहे. काकांच्या डोळ्यांत आता मोतीबिंदूबरोबर दुसरंही काही दुखणं आहे, दिसत फार कमी. काका-काकू मुलीकडे चंद्रपूरला राहतात. कॉम्प्युटर माझ्याकडे आहे, माऊसही आहे, फळीवर, त्याच गाठीत. मी ती सोडलेली नाही.

हे लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं की चाळीस माणसांचे जबाब आहेत आणि काकांचा एकही नाही. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या खुणा जपणाऱ्या या माणसाला कधी कुणी विचारलं होतं की तुमचं काय? गंमत म्हणून मी त्यांचं नाव टाईप केलं, कर्सर नेला, बटण दाबलं. जे येणार ते माहीतच होतं: 'विचारून ये.'

रविवारी चंद्रपूरची सकाळची गाडी आहे. वही घेतली आहे. दार एकदाच वाजवणार आहे, हळू, आणि ते कुणाचं नाव घेतात ते बघणार आहे.