शेवट बघितल्याबिगर

डिझेलच्या धुराचा वास आला की मला मानवतजवळच्या आमच्या गावातला तो रविवार आठवतो. ऊसतोडीला निघायचं होतं. भांडीकुंडी, कोंबड्या सगळं ट्रॉलीत चढलं होतं, आणि आई टोळीतल्या बायांसोबत चावडीतल्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीपुढं बसली होती. मी तिला चिकटून होते. सिनेमातली बाई कोर्टात बोलायला उभी राहिली आणि नेमकी लाइट गेली. मुकादम म्हणाला, "चला, बसा ट्रॉलीत. उशीर व्हायलाय." एकही बाई उठली नाही. आई म्हणाली, "ट्रॅक्टरची बॅटरी जोडा टीव्हीला. ती जिंकली का हारली, ते बघितल्याबिगर आमी न्हाई बसत." मुकादम आधी चिडला, मग विनवायला लागला, शेवटी स्वतःच बॅटरी काढून घेऊन आला. ती बाई जिंकली. बॅटरी मात्र उतरली आणि ट्रॅक्टर सुरू होईना. मग सगळ्या बायांनी पदर खोचून, हसत हसत तो उतारावरून ढकलला. सगळ्यांत जास्त जोर आईचा होता. काळ्या धुराचा भपकारा सुटला आणि आम्ही निघालो. आता थेटरात शेवटाआधी कुणी उठून निघालं, तर वाट द्यायला मी पाय आवरत नाही.