उपकार मानले आणि पाणी बंद झालं

माझा स्वभाव पहिल्यापासून तिखट. बाप्तिस्मा घेतल्यावर तो गोड होईल अशी नवऱ्याला आशा होती. ती त्याने पुढे सोडून दिली.

अमरावतीहून भातकुलीकडे जाणाऱ्या वाटेवर आमचं घर होतं. दूर कुठल्याशा मुलखात लढाई जुंपली होती, आणि त्यापायी आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. ज्याच्याकडे बैल, तो गाडीवान. माझा नवरा कापूस भरून अकोल्याला गेला की आठ-आठ दिवस परतायचा नाही. आम्ही ख्रिस्ती झालो तशी गावची विहीर आम्हाला बंद झाली. दोराला हात लावायचा नाही, काठावर पाय ठेवायचा नाही. नदी कोसभर लांब, आणि माझ्या कडेवर वर्षाची पोर.

तरी पाणी मिळायचं, ते शेजारच्या मावशीमुळे. नात्याची नव्हे, पण मोठ्या शेतकरी घरची कर्ती बाई. तिला अडवायची कोणाची छाती नव्हती. स्वतःच्या घागरी भरून झाल्या की ती नुसती मान हलवायची. मी माझी घागर काठाखाली ठेवून मागे सरायचे आणि ती वरून, शिवू न देता, धार सोडायची. तोंड मात्र चालूच.

‘घागर घासत नाई कावून? तुह्या नव्या देवाले काळी घागर चालते का?’

‘चालते. तुह्या देवाले नाई चालत तं त्याले सांगू नोको.’

असं आमचं रोज सकाळी.

घरी निराळाच प्रकार. नवऱ्याने नेम केला होता: जेवणाआधी प्रत्येकाने दिवसातली एक गोष्ट आठवून देवाचे आभार मानायचे. प्रत्येकाने म्हणजे त्याने आणि मी. पोर तोवर वरणात हात घालायची. तो सुरू झाला की बैलांच्या शिंगांपासून गाडीच्या आखापर्यंत काही सुटायचं नाही. भाकर गार व्हायची, म्हणून मी आमेन जरा लवकरच म्हणायचे. पण खोटं कशाला बोलू, मला त्या नेमाची गोडी लागली होती. दिवसभर मी काही ना काही हेरून ठेवायचे. आज ज्वारी बिनखड्याची निघाली. आज पोर पडली, पण डोकं फुटलं नाही. आणि पाणी तर रोजच.

मग एका रविवारी पाद्रीसाहेबांच्या मडमेने आम्हा बायांना शिकवलं, की देवाचे आभार मानता तसे, ज्याच्या हातून देव देतो त्या माणसाचेही तोंडाने माना. मनात ठेवू नका. मला एकदम पटलं. दोन वर्षं पाणी घेतेय आणि कधी एक शब्द नाही. माझी मलाच लाज वाटली.

सोमवारी नवरा अकोल्याला निघून गेला आणि मी विहिरीवर गेले. घागर भरली, पण उचलली नाही. हात जोडून, घोकून ठेवलेलं मडमेच्या मराठीत म्हणाले, ‘मावशी, तुमचे माझ्यावर फार उपकार आहेत. मी तुमची आभारी आहे.’

मावशीच्या हातातला दोर थांबला. ‘काय म्हणली तू?’

मी पुन्हा म्हणाले. तेवढीच अक्कल होती मला तेव्हा.

‘तुमी म्हणतं मले? उपकार परक्याचे असतेत. मी परकी झाली तं जाय, परक्याच्याच हातचं पाणी पेत जाय.’ तिने दोर गुंडाळला आणि गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली, आपल्या घागरी भरल्या, माझ्याकडे पाहिलंच नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. नदीवरून एक घागर आणेस्तोवर ऊन डोक्यावर आलं, आणि आणलेल्यातलं निम्मं पोरीने सांडलं. रडू कोसळलं मला. प्रार्थनेला बसले तर तोंडातून निघालं, ‘देवा, आभार मानाले तूच सांगतलं, आन पाणीबी तूच बंद केलं. हे काय बरं केलं तू?’

देवाशी असं मी कधी बोलले नव्हते. बोलल्यावर जीव हलका झाला आणि डोकंही चालायला लागलं. आमच्याकडे कोण कोणाचे आभार मानतं? माझ्या आईने जन्मात कधी बापाचे मानले नाहीत, मी भावाचे मानले नाहीत. आपल्या माणसाकडे आपण हक्काने मागतो, वर चार शब्द सुनावतो. मी तर हात जोडून मावशीला परकं करून टाकलं होतं.

चौथ्या दिवशी दोन घागरी घेऊन गेले आणि साऱ्या बायांदेखत म्हणाले, ‘काव मावशे, तीन दिवस झाले माह्या घरात पाणी नाई. तुले काही वाटते का नाई? आज दोन घागरी भरून देजो. आन ताकबी पायजे, पोरीचं पोट बिघडलं.’

मावशीने वळून पाहिलं. ‘ताकाले भांडं आणलं, का माह्यंच नेशीन?’

‘तुह्यंच नेईन.’

‘निर्लज्ज हायेस,’ ती म्हणाली, आणि धार सोडली. शिवी खाऊन इतका आनंद मला आयुष्यात झाला नाही.

दोन्ही घागरी भरल्या, बाकीच्या बाया पांगल्या, तरी मावशी जाईना. मग हळूच म्हणाली, ‘माही पोरगी पातूरले हाये, सासरी. दिवस भरले. इकडं आणाले गाडी मिळाली नाई, साऱ्या कापसात गुंतल्या. काही सांगावा नाई तिचा. तू रोज तुह्या देवाशी बोलतं, त्याच्या कानावर घाल. पण ते हात जोडून तुमी-आमी नोको. आपल्या माणसाले सांगतेत तसं सांगजो.’

मी घागरी खाली ठेवल्या आणि तिथेच डोळे मिटले. ‘देवा, ह्या मावशीची पोरगी पातूरले एकटी हाये. तिच्यापाशी जाय. आजच जाय, उद्यावर टाकू नोको.’ मी आमेन म्हणणार, तोच मावशी म्हणाली, ‘थांब. पयलटकरीण हाये म्हणून सांग त्याले.’

तेही सांगितलं.